बर्फवाल्याला विचारा ‘फ्रेश’ म्हणजे काय

मालवणच्या एस.टी. स्टँडवर उतरून बंदराच्या दिशेने चालू लागलात की ‘फ्रेश’ हा शब्द तुमच्या मागे लागतो. फ्रेश फिश, फ्रेश थाळी, फ्रेश सोलकढी. एका दुकानावर तर ‘खारवलेले फ्रेश काजू’ असं लिहिलेलं मी वाचलं आहे. भाजून, मीठ लावून, डब्यात बसून ज्याला सहा महिने झाले तोही फ्रेश. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून झापांखाली झाकलेल्या असतात, समुद्रात चिटपाखरू नसतं, तेव्हाही ही पाटी विजेच्या दिव्यांनी लखलखत असते. आत मासा कुठून येतो? ट्रकमधून. ट्रकमध्ये काय असतं? बर्फ. आणि या बर्फाचं नाव काढायला मात्र मालकाची जीभ रेटत नाही.

मी तीसेक वर्षं बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात काढली. मशीनवरचा माणूस म्हणून लागलो, सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. लोक मला आण्णा म्हणतात, पाठीमागे बर्फवाले आण्णा म्हणतात. या काळात मी ‘फ्रेश’ हा शब्द जितका ऐकला तितकं माझं स्वतःचं नावही ऐकलं नसेल. तेव्हा या शब्दाबद्दल बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं मी समजतो. ज्यांना वाटत नाही त्यांनी सरळ पुढच्या पानावरचं राशिभविष्य वाचावं.

आधी बर्फ कसा होतो ते सांगतो, कारण मासे खाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ते ठाऊक नसतं. पत्र्याचे उंच उंच डबे असतात. त्यात विहिरीचं गोडं पाणी भरायचं. हे डबे एका मोठ्या हौदात उभे सोडायचे. हौदात मिठाचं पाणी असतं, खारट जहाल. त्या पाण्यातून अमोनियाचे पाइप फिरतात आणि त्याला थंड करतात. खारं पाणी सहजासहजी गोठत नाही, ते नुसतं थंड होत जातं, आणि त्या थंडाईत डब्यातलं गोडं पाणी बाहेरून आत गोठत येतं. दिवस-रात्र सरली की डबा यारीने, म्हणजे क्रेनने, वर काढायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा आणि आडवा करायचा. माणसाच्या छातीएवढी लादी सुळकन बाहेर येते. डब्याला कुठे बारीक भोक असलं तर खारं पाणी आत शिरतं, लादी दुधासारखी पांढुरकी होते आणि घटकेत पाझरून जाते. म्हणून भोक शोधणं हे आमचं अर्धं काम. अंधाऱ्या शेडमध्ये रिकामा डबा उजेडाकडे धरून मी किती भोकं शोधली असतील, त्याला गणती नाही. तेव्हा बाहेर माणसं मस्त थंडगार जागेत नोकरी करतो म्हणून माझा हेवा करत. अमोनियाचा वास नाकात गेला असता तर हेवा जागच्या जागी उतरला असता.

आमची गिऱ्हाइकं दोन प्रकारची. होडीवाले आणि मासेवाल्या बायका यांना बर्फ कळायचा. होडीवाला होडीच्या पोटातल्या खणात खाली बर्फाचा थर, वर मासे, वर पुन्हा बर्फ अशी रचना करायचा, आणि बर्फ कमी पडला तर चांगला घावलेला मासासुद्धा बंदराला येईपर्यंत डोळे टाकायचा. दुसरा प्रकार हॉटेलवाल्यांचा. यांना बर्फ हवा असायचा पण दिसायला नको असायचा. हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने माझ्याकडे येऊन विचारलं होतं, “आण्णा, काळा बर्फ मिळेल का?” मी म्हटलं, काळा कशाला? तर म्हणे, मासे काळ्या दगडावर मांडल्यासारखे दिसतील, गिऱ्हाइकाला बर्फ कळणार नाही. मी त्याला कोळसा घेऊन जा म्हणालो. तो रागावून गेला. पण आठवड्याने त्याच्याकडे बर्फावर काळं ताडपत्रीचं कापड अंथरलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

एकदा तर मुंबईकडची एक जोडी कारखाना बघायला आत शिरली. नवऱ्याने लादीला हात लावून मला विचारलं, “काका, हा फ्रेश बर्फ आहे ना?” मी तीन दिवस कुणाशी बोललो नाही.

यातला खरा विनोद वेगळाच आहे. आमच्याकडे ‘बर्फातलो’ ही शिवी आहे. बाजारात गिऱ्हाईक माशाच्या कल्ल्यात बोट घालून बघतं आणि तोंड वाकडं करून म्हणतं, “बर्फातलो दिसता.” म्हणजे संपलं. ज्या बर्फामुळे तो मासा मासा राहिला, त्याच बर्फाचं नाव घेऊन त्याला हाकलायचं. परगावच्या माणसाने तर इंग्रजी शब्द लावून म्हणायला शिकून घेतलंय, “बर्फातला नको, फ्रेश द्या.” बर्फाशिवायचा मासा हवा असेल तर होडीत बसा, जाळं ओढा आणि वाळूवरच शिजवून खा. तुम्ही दुपारी बारा वाजता उठून, शॉवर घेऊन, ‘फ्रेश होऊन’ जेवायला येणार आणि समुद्राने तोवर मासा धरून ठेवावा अशी अपेक्षा करणार. हे ‘फ्रेश होणं’ ही आणखी एक भानगड. पूर्वी माणूस हातपाय धुवायचा, तोंड धुवायचा, परसाकडे जायचा. आता या सगळ्याला मिळून फ्रेश होणं म्हणतात, आणि नेमकं काय केलं ते विचारायची सोय राहत नाही.

या शब्दाचं मूळ मला कळलं ते एका सरांकडून. मसुऱ्याचे हे सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. मालवणात मुलीकडे राहायचे आणि एप्रिल-मेच्या दुपारी माझ्या ऑफिसात येऊन बसायचे. गजाली मारायला येतो म्हणायचे, पण खरं कारण गारवा होतं आणि ते त्यांनी एकदा कबूलही केलं. एका दुपारी मी असाच फ्रेशच्या नावाने खडे फोडत होतो. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “आण्णा, या शब्दाचा पहिला अर्थ काय होता ठाऊक आहे? खारं नसलेलं. जुन्या इंग्रजीत तो पाण्याला लावायचे. समुद्राचं ते खारं आणि नदीचं, विहिरीचं ते फ्रेश.”

मी म्हटलं, म्हणजे गोडं पाणी.

“तेच. मग तो मांस-मच्छीला लागला. त्या काळी टिकवायला मिठाशिवाय दुसरं काय होतं? मीठ लावून पिंपात भरलेला मासा एका बाजूला आणि मीठ न लावलेला फ्रेश दुसऱ्या बाजूला. मीठ लावलं नाही म्हणजे आत्ताचा, म्हणून मग नवा, ताजा हा अर्थ चिकटला. पुढे हवा फ्रेश झाली, चेहरा फ्रेश झाला, विचारसुद्धा फ्रेश झाले. आणि शेजारी गोव्यात पोर्तुगीज होते ना, त्यांच्या भाषेत याच कुळातला शब्द आहे, फ्रेश्कु. त्याचा अर्थ ताजा, आणि थंडसुद्धा. एकाच शब्दात दोन्ही.”

मी सरांना पुन्हा सांगायला लावलं. ताजा आणि थंड, एकच शब्द. म्हणजे ज्या शब्दाने जन्मभर माझ्या बर्फाला हिणवलं त्याच्या घरातच थंडाई बसलेली होती. सर हसले आणि म्हणाले, “तुझ्या कारखान्यात तर तो अजून पहिल्या अर्थाने नांदतो. हौदात खारं, डब्यात फ्रेश.” मला फार बरं वाटलं. हे काळ्या बर्फवाल्याला जाऊन सांगावं असंही वाटलं, पण त्याला कळलं नसतं.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती शेवंतीची.

शेवंती बाजारात मासे विकते. तिच्या आधी तिची आई त्याच जागेवर बसायची. पन्नाशी उलटलेली, घोव लवकर गेला, मूलबाळ नाही. आमच्या कारखान्यातून रोज अर्धी लादी फोडून न्यायची आणि बाजारातल्या बायकांत ती एकटी अशी की बर्फ लपवायची नाही. पाटीत खाली बर्फ, वर मासे, त्यावर पुन्हा मूठभर बर्फ. कुणी “बर्फातलो” म्हणून तोंड वाकडं केलं तर म्हणायची, “होय तर. तुमच्या घरात फ्रिज आसा तो कित्याक, पावण्यांका दाखवूक?” लोक हसायचे आणि घ्यायचे. तिच्याकडचा मासा खराब निघाला असं मी कधी ऐकलं नव्हतं. मालवणात निम्मी घरं सकाळी “शेवंतीकडसून हाड”, म्हणजे तिच्याकडून आण, एवढंच सांगून माणसाला बाजारात धाडत. माशाचं नाव नंतर ठरायचं.

मी निवृत्त झालो त्या सुमारास समुद्राकाठी एक नवं रिसॉर्ट उघडलं. नाव मी लिहीत नाही, नाव घेतलं की जाहिरात होते. तिथे दत्ताराम हा शेवंतीच्या बहिणीचा मुलगा आचारी म्हणून लागला होता. चाळिशीतला माणूस, आधी गोव्यात जहाजवाल्यांच्या कँटीनमध्ये हात साफ केलेला. त्याच्या ओळखीने रिसॉर्टचे मासे शेवंतीकडून जाऊ लागले. मॅनेजर पुण्याहून आलेला, गोरागोमटा, बोलायला फार गोड. त्याने शेवंतीला रिसॉर्टवर बोलावलं, तिला नऊवारी नेसवली, डोक्यावर टोपली दिली आणि फोटो काढला. शेवंती जन्मभर पाचवारीच नेसत आली आहे. फोटो हॉलमध्ये मोठा करून लावला आणि खाली लिहिलं, ‘शेवंतीमावशीचा फ्रेश कॅच’. मेन्यूकार्डावर तोच फोटो, मोबाइलवरच्या जाहिरातीत तोच फोटो. शेवंती म्हणाली, “आण्णा, माका बगून माझीच वळख पटणा नाय.” पण तिला आवडला होता तो, उगीच खोटं कशाला बोलू.

हॉलमध्ये एक लांब टेबल होतं. त्यावर केळीची पानं, पानांवर सुरमई, पापलेट, बांगडे, मध्ये नारळ आणि जास्वंदीची फुलं, वरून पिवळ्या दिव्यांचा प्रकाश. पाहुण्यांनी यायचं, बोट दाखवायचं, मग तो मासा आत जायचा. मासा सकाळी मांडला की दुपारच्या जेवणापर्यंत तिथेच. आणि त्या पानांवर बर्फाचा एक खडा नाही. कारण मॅनेजरच्या मते बर्फ दिसला की पाहुण्यांना ते ‘फ्रोझन’ वाटतं.

हे शेवंतीला दत्तारामनेच येऊन सांगितलं. मी त्या वेळी तिच्या पाटीसमोर उभा होतो.

“मावशे, तू दिलेलो बर्फ सायब माका वतून टाकूक सांगता. गेस्टांका दिसता कामा नये म्हणता.”

शेवंती म्हणाली, “सुरमयेचा एकवेळ चलात. बांगडो तरी भुतूर बर्फात ठेव.”

“मी सांगलंय तेका. बांगडो नसलो तर पान भरल्यासारख्या दिसणा नाय, म्हणता.”

“मग तू काय केलंस?”

दत्ताराम तरी काय करणार होता? वतून टाकत होता.

बांगड्याचं म्हणून एक आहे, ते सांगतो. तारली, बांगडा, कुपा असल्या काळसर मांसाच्या माशांना उष्म्यात ठेवलं तर त्यांच्या अंगात एक पदार्थ तयार होतो. वास येत नाही, डोळे तसेच दिसतात, तळला-शिजवला तरी तो जात नाही. खाल्ल्यावर तोंड लालबुंद होतं, अंगभर खाज सुटते, डोकं ठणकतं. दवाखान्यात औषध घेतलं की बहुतेकांचं उतरतं. आमच्या किनाऱ्यावर हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त त्याचं इंग्रजी नाव डॉक्टरला माहीत आहे. यावर उपाय एकच, मासा घावल्यापासून चुलीपर्यंत बर्फ. बाकी केळीची पानं, जास्वंद, दिवे, सगळं फोटोसाठी.

मे महिना होता. एक दिवस रिसॉर्टवरच्या एका मोठ्या कुटुंबाने बांगड्याची थाळी मागवली, आणि जेवण उरकायच्या आधीच चार-पाच जणांची तोंडं लाल झाली. सगळे घाबरले. दवाखाना झाला, संध्याकाळपर्यंत सगळे ठीकही झाले. पण त्यातल्या एकीने आपलं सुजलेलं तोंड मोबाइलवर दाखवून अख्ख्या जगाला विचारलं की, या रिसॉर्टला मासे पुरवतं कोण? रिसॉर्टने त्याच दिवशी खाली उत्तर लिहिलं. आमच्या स्थानिक पुरवठादाराकडून फ्रेशनेसच्या बाबतीत चूक झाली, आम्ही दिलगीर आहोत. चूक कुणाची ते लिहायची गरजच नव्हती, फोटो आधीपासून लावलेला होता. नऊवारीतली शेवंती, डोक्यावर टोपली. लोकांनी तोच फोटो उचलला आणि त्यावर तांबड्या अक्षरात काय काय लिहून गावभर फिरवला. ज्या शब्दाने तिला भिंतीवर चढवलं होतं त्याच शब्दाने तिला खाली ओढलं, आणि दोन्ही वेळेला तिला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशीपासून बाजारात तिच्यासमोर कुणी थांबेना. ओळखीची माणसं मान वळवून पुढे जायची. काहीजण लाजून जायचे आणि शेजारच्या बाईकडून घ्यायचे, म्हणजे जिच्या पाटीत बर्फ नावालाही नसायचा. संध्याकाळी शेवंती उरलेले बांगडे चिरून मीठ लावून अंगणात वाळत घालायची. तिचं अंगण खाऱ्या बांगड्यांनी भरून गेलं. मी काही बोललो की म्हणायची, “पावसात लोकांका लागतले.” पण त्या वर्षीच्या पावसात लोकांनी तिच्याकडून खारेही घेतले असते की नाही, देव जाणे. पोटाची तिला भीती नव्हती, तिची एक छोटी बाग आहे, तिचं भागलं असतं. तिचं नाव गेलं होतं. आईने बसवलेल्या जागेवर रोज सकाळी येऊन आपलं नाव मेलेलं बघायचं, ही गोष्ट सोसायला सोपी नव्हे.

मॅनेजरने निरोप धाडला म्हणून आम्ही दोघं रिसॉर्टवर गेलो. ती एकटी जाईना, मी बरोबर गेलो. दुपारची जेवणाची वेळ, हॉलमध्ये पाहुणे बसलेले, टेबलावर पानं मांडलेली, पानांवर बांगडे. रिसॉर्टवाल्यांवर काहीच परिणाम झाला नव्हता. मॅनेजरने आम्हाला कोकम सरबत दिलं आणि हळू आवाजात म्हणाला, “मावशी, एक छोटा व्हिडिओ करूया. तुम्ही फक्त म्हणा की त्या दिवशीचा मासा आदल्या दिवशीचा होता, सॉरी. लोक इमोशनल असतात, लगेच माफ करतात. मग आपण पुन्हा तुमच्याकडूनच घेऊ.”

शेवंतीने सरबताचा पेला खाली ठेवला. “माझो मासो आदल्या दिसाचो नव्हतो.”

“मावशी, ते आपल्याला माहीत आहे. लोकांना क्लोजर पाहिजे असतं.”

मला क्लोजर म्हणजे काय ते कळलं नाही, तिलाही कळलं नसणार. ती उठली आणि सरळ त्या लांब टेबलापाशी गेली. एक बांगडा उचलला, पोट दाबून बघितला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सायबानु, एक काम करूया. माझ्या घराकडे बर्फातलो बांगडो आसा, तो मी खातंय. ह्यो तुमच्या पानावरचो तुमी खावा. हंयच, सगळ्यांसमोर. बगूया कोणाक काय होता.”

हॉलमधले चमचे थांबले. मॅनेजरच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहिलं, नुसतं रिकामं झालं. तो म्हणाला, “मावशी, मी व्हेज आहे.”

आधी कुणी हसलं नाही. मग कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक म्हातारा खो खो हसायला लागला. मी हसलो नाही, मला राग आला. हा माणूस रोज शंभर लोकांना माशाच्या फ्रेशपणाची हमी देत होता, माझा बर्फ वतायला लावत होता, एका बाईला गावात तोंड दाखवायला याने जागा ठेवली नव्हती, आणि याने जन्मात माशाला तोंड लावलं नव्हतं. न खाण्याला माझी ना नाही. पण मग न बोलावं.

शेवंतीची नजर तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. तिथे दत्ताराम उभा होता, खांद्यावर फडकं. तिने एकदा बघितलं. त्याने खाली बघितलं. तिने बांगडा पानावर ठेवला, हात पुसले आणि आम्ही निघालो.

रस्त्यात माझा ताबा सुटला. “गो, तेका एक शब्द विचारूक काय झालेला तुका? बर्फ तेनाच वतलो हा. तो त्या लोकांसमोर बोललो असतो तर तुझा नाव थंयच्या थंय सुटला असता.”

ती चालत राहिली. मग म्हणाली, “आणि तेची नोकरी? तेची दोन पोरां कुडाळाक शिकतत. माझा नाव गेला तर माझा एकटीचा गेला, आण्णा. माझ्या मागे कोण आसा?”

मनात दत्तारामला मी त्या रस्त्यावर इतक्या शिव्या दिल्या की त्यातली एकही इथे छापता येणार नाही.

मॅनेजरचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो, म्हणजे तो या लेखातून निघून जाईल. त्याला बढती मिळाली. शिरोड्याकडे आणखी मोठं रिसॉर्ट होत होतं तिकडे तो गेला. ऐकतो की तिथेही केळीची पानं आहेत. जगात हे असंच चालतं असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत नाही. मला त्याचा राग आहे तो आहे.

आम्ही रिसॉर्टवर गेलो त्यानंतरचा रविवार. रविवारी बाजार भरलेला असतो, पाय ठेवायला जागा नसते. शेवंती आपल्या जागेवर बसली होती, पाटीत बांगडे होते आणि नेहमीप्रमाणे बर्फ होता. तिच्या दोन्ही बाजूंना गर्दी आणि तिच्यासमोर मोकळी जागा. मी कट्ट्याला टेकून उभा होतो, तिला सोबत म्हणून. सकाळी सकाळी दत्ताराम आला. फडकं नाही, रिसॉर्टचा पांढरा कोट नाही, साधा शर्ट आणि हाफ पँट. तो आला आणि शेवंतीच्या बाजूला खाली बसला, ओल्या फरशीवर. आमच्या बाजारात विकायला बायका बसतात. पुरुष होडीवर जातो, लिलाव पुकारतो, टोपली उचलतो, पण पाटीमागे बसत नाही. ते कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण कुणी बसलेला मी बघितलेला नाही. आजूबाजूच्या बायकांचे हात थांबले.

दत्तारामने पाटीतला बर्फ दोन्ही हातांत घेतला आणि उभ्या गर्दीकडे बघून बोलला. आवाज फार मोठा नव्हता, पण बाजार गप्प झाला होता म्हणून सगळ्यांना ऐकू आला.

“त्या दिसाचे बांगडे मावशेन बर्फातच दिलेले. बर्फ मी काढून टाकलंय. ह्या हातांनी. सायबान सांगलान आणि मी केलंय. तेंच्या अंगार उठला ता माझ्यापायी, हिच्यापायी नाय. कोणाक इचारूचा आसात तर माका इचारा.”

माणसं खरं ऐकल्यावर पहिल्यांदा पायाखाली बघतात, तसे सगळे बघत होते. मी ज्याला इतके दिवस शिव्या घालत होतो त्याच्याकडे मला बघवेना, कारण माझे डोळे भरून आले होते. या वयात बाजारात उभं राहून रडायचं म्हणजे काय ते माझं मला माहीत.

शेवंती त्याच्याकडे बघत होती. तिचा चेहरा रागाने तांबडा झाला होता.

“आणि नोकरी?”

“सोडलंय काल.”

“येड लागला तुका? पोरांका काय सांगतलंस? खंय जातलंस आता?”

“खंय नाय. हंयच बसतंय.”

“मेल्या, बापयमाणूस बाजारात बसता?”

तेवढ्यात गर्दीतून वरच्या आळीची एक म्हातारी पुढे आली. ती शेवंतीची रोजची गिऱ्हाईक, आणि तो फोटो गावभर फिरल्यापासून फिरकली नव्हती. तिने कुणाकडे न बघता पिशवी उघडली आणि पाटीपाशी वाकून म्हणाली, “शेवंते, बांगडे कशे?” तिच्यामागे आणखी एक बाई येऊन उभी राहिली, मग एक माणूस.

शेवंतीने पदराने तोंड पुसलं. दोन्ही हातांनी पाटी आपल्या बाजूला ओढली, दत्तारामला गुडघा टेकायला जागा केली आणि विळी त्याच्या पुढ्यात ठेवली.

“बसलंस तर नीट बस,” ती म्हणाली. “गिऱ्हायक उबा आसा.”